पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेसहा: संगणकातल्या तारीख-वेळेचा हिशेब

एखाद्या बिलावर किंवा रिपोर्टात '०१-०१-१९७०, पहाटे ५:३०' असं छापून आलं, तर तिथे मुळात तारीखच नव्हती. रकाना रिकामा होता, प्रोग्रॅमने तो शून्य मानला आणि शून्याची तारीख छापली. जन्मतारीख १५ ऑगस्ट भरली आणि दुसऱ्या पडद्यावर १४ ऑगस्ट दिसली, तर डेटाबेस उघडून बघा. तिथे '१४ ऑगस्ट, १८:३०:००' पडलेलं असतं. पहाटेचे साडेपाच आणि संध्याकाळचे साडेसहा ही आपल्या टाइम झोनची सही आहे. या दोन वेळा ओळखू आल्या की तारखांच्या निम्म्या तक्रारींचं मूळ कोड न वाचताच कळतं. उरलेल्या निम्म्यांसाठी आतला हिशेब समजून घ्यावा लागतो. तो अवघड नाही, पण घाईत करायचा नाही.

आधी ठरवा: हा क्षण आहे, तारीख आहे, की घड्याळातली वेळ?

टेबल बनवायच्या आधी प्रत्येक रकान्यासमोर हा प्रश्न कागदावर लिहून त्याचं उत्तर द्या. पुढचं सगळं त्या उत्तरावर उभं आहे.

क्षण म्हणजे जगात एकदाच घडलेली गोष्ट. खात्यातून पैसे गेले, ओटीपी आला, गेटवरचं कार्ड वाजलं. पुण्यातल्या आणि शिकागोतल्या घड्याळांत त्या वेळी वेगवेगळे आकडे असतील, पण क्षण एकच.

तारीख म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरचा एक चौकोन. जन्मतारीख, सुट्टी, वीजबिलाची शेवटची तारीख. तिला तास-मिनिटं नसतात आणि टाइम झोनही नसतो. पुण्यात १५ ऑगस्टला जन्मलेला माणूस अमेरिकेत राहायला गेला म्हणून त्याचा वाढदिवस चौदावर सरकत नाही.

तिसरी, घड्याळातली वेळ. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी ७:१५ ला सुटते. हा एक क्षण नव्हे, रोजचा नेम आहे. त्याला तारीख आणि टाइम झोन जोडला की त्या दिवसाचा क्षण तयार होतो. इथे एक बारकावा आहे. रात्री सव्वाबाराची शेवटची बस कॅलेंडरप्रमाणे दुसऱ्या दिवशी सुटते, पण वेळापत्रकात ती आदल्या दिवसाचीच फेरी असते. म्हणून बस-रेल्वेच्या माहितीसाठी वापरल्या जाणाऱ्या जीटीएफएस फॉरमॅटमध्ये ती २४:१५:०० अशी लिहायची मुभा आहे. २३ च्या पुढचा तास दिसला की फाईल नाकारणारा प्रोग्रॅम अशा ठिकाणी चालत नाही.

क्षण कसा साठवतात

बहुतेक संगणक क्षण एकाच संख्येत ठेवतात. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले, ती ही संख्या. तिला टाइमस्टँप म्हणतात. ही मध्यरात्र यूटीसीची, म्हणजे शून्य अंश रेखांशाला धरून चालणाऱ्या जागतिक वेळेची. आपली वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. दर १५ अंशांना एक तास, म्हणून ८२.५ भागिले १५ बरोबर साडेपाच तास, म्हणजे १९,८०० सेकंद. शून्य सेकंद झाले तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेपाच वाजलेले होते. सुरुवातीची खूण आली ती इथून.

एकदा हाताने करून बघा. टाइमस्टँप घ्या १,७०,००,००,०००.

आधी १९,८०० मिळवा: १,७०,००,१९,८००. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्याने भागा. भागाकार १९,६७६ दिवस, बाकी १३,४०० सेकंद. बाकीला ३,६०० ने भागलं की ३ तास, उरले २,६००. त्याला ६० ने भागलं की ४३ मिनिटं आणि २० सेकंद. वेळ झाली पहाटे ३:४३:२०. १९,६७६ व्या दिवसाची तारीख काढायची रीत पुढे दिली आहे, ती येते १५ नोव्हेंबर २०२३. यूटीसीत मात्र तेव्हा १४ नोव्हेंबरचे रात्रीचे २२:१३:२० वाजले होते. एकच क्षण आणि दोन तारखा, हे ध्यानात ठेवा.

टाइमस्टँप हातात आला की आधी आकडे मोजा. आजच्या काळातली दहा आकडी संख्या म्हणजे सेकंद, तेरा आकडी मिलिसेकंद, सोळा आकडी मायक्रोसेकंद. जावास्क्रिप्ट आणि जावा मिलिसेकंदात बोलतात, युनिक्सची बरीच साधनं सेकंदात. दोघांची गाठ पडते तिथे गुणिले-भागिले हजार करायचं राहून जातं. वरचीच संख्या चुकून मिलिसेकंद समजली, तर २० जानेवारी १९७०, रात्री ९:४३:२० अशी तारीख मिळते. म्हणून जानेवारी १९७० च्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातली तारीख दिसली तर रकाना रिकामा नाही, हजाराचा घोळ आहे. उलट चूक झाली की साल पंचावन्न हजारांच्या पुढे जातं.

ही संख्या ३२ बिटांत चिन्हासकट ठेवली तर २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जागा नाही. ती मर्यादा येते १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, आपल्या सकाळी ८:४४:०७ वाजता. पुढच्याच सेकंदाला संख्या ऋण होते आणि तारीख डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडते. ही उद्याची काळजी समजू नका. वीस वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता आजच २०३८ ओलांडतो, त्यामुळे हप्त्यांचं कोष्टक बनवणारा जुना प्रोग्रॅम आजच कोसळू शकतो. मायएसक्यूएल या डेटाबेसमधला 'टाइमस्टँप' प्रकारचा रकानाही याच सेकंदाला थांबतो. लांबच्या तारखांसाठी तिथे 'डेट' किंवा 'डेटटाइम' घ्या. स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये संख्या ६४ बिटांचीच ठेवा.

तारखेचा दिवस-क्रमांक

दोन तारखांमधलं अंतर, वार, अमुक दिवसांनंतरची तारीख हे सगळं सोपं करायचा एकच उपाय आहे: प्रत्येक तारखेला एक अनुक्रमांक द्यायचा. आपल्या ज्योतिर्गणितात याला अहर्गण म्हणतात. ठरलेल्या आरंभापासून लोटलेल्या दिवसांची संख्या काढायची आणि ग्रहांची गणितं त्यावर बसवायची. कलियुगारंभापासून मोजलं तर ती संख्या फार मोठी होते आणि पाटीवर गुणाकार जड जातात. गणेश दैवज्ञांनी ग्रहलाघवात शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० हा जवळचा आरंभ घेतला आणि ११ वर्षांचं, ४,०१६ दिवसांचं चक्र धरलं. पूर्ण चक्रं वेगळी, उरलेले दिवस वेगळे, त्यामुळे हाताळायचा आकडा कधीच मोठा होत नाही. संगणकातही हेच करतात, फक्त चक्र ४०० वर्षांचं असतं.

ते ४०० का? इंग्रजी कॅलेंडरमध्ये चारने भाग जाणारं साल लीप, पण शंभराने भाग गेला तर नाही, आणि चारशेने गेला तर पुन्हा हो. १९०० लीप नव्हतं, २००० होतं, २१०० नसेल. त्यामुळे ४०० वर्षांत बरोबर १,४६,०९७ दिवस होतात. त्याला सातने नि:शेष भाग जातो, म्हणून ४०० वर्षांनी तारखा आणि वारही जसेच्या तसे परत येतात.

सूत्रात एक युक्ती आहे: वर्ष मार्चपासून सुरू झालं असं मानायचं. मग २९ फेब्रुवारी वर्षाच्या अगदी शेवटी जातो आणि मधल्या कुठल्याच महिन्याला त्रास देत नाही. व वर्ष, म महिना, द दिवस धरा. महिना जानेवारी किंवा फेब्रुवारी असेल तर महिन्यात १२ मिळवा आणि वर्षातून १ वजा करा. मग

दिवस-क्रमांक = ३६५×व + [व÷४] − [व÷१००] + [व÷४००] + [(१५३×(म−३)+२)÷५] + द − ७,१९,४६९

चौकटी कंसातल्या भागाकारांचा अपूर्णांक सोडून द्यायचा. उत्तरात १ जानेवारी १९७० म्हणजे शून्य. १५३ कुठून आला? मार्च ते जुलै या पाच महिन्यांचे दिवस ३१, ३०, ३१, ३०, ३१. बेरीज १५३. ऑगस्ट ते डिसेंबर पुन्हा हाच क्रम, हीच बेरीज. म्हणून १५३ भागिले ५ हा उतार सगळ्या महिन्यांना बरोबर बसतो.

पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला ती तारीख घेऊ: १२ जुलै १९६१. वर्षाचे दिवस ३६५×१९६१ = ७,१५,७६५. त्यात ४९० मिळवा, १९ वजा करा, ४ मिळवा: ७,१६,२४०. महिन्यासाठी (१५३×४+२)÷५, अपूर्णांक सोडून १२२. दिवस १२. एकूण ७,१६,३७४. त्यातून ७,१९,४६९ गेले, उत्तर −३,०९५. पूर १९७० च्या आधी ३,०९५ दिवस आला.

आता वार. १ जानेवारी १९७० ला गुरुवार होता. दिवस-क्रमांकाला सातने भागून उरलेली बाकी गुरुवारपासून पुढे मोजायची. −३,०९५ ची बाकी ६ (−३,०९५ = −४४३×७ + ६), गुरुवारनंतर सहावा वार बुधवार. पुण्यातल्या जुन्या माणसांना विचारा, पूर बुधवारीच आला होता.

हीच जागा प्रोग्रॅममध्ये फसवते. पायथॉन या भागाकाराची बाकी ६ देतो. सी, जावा आणि जावास्क्रिप्ट −१ देतात, कारण तिथे भागाकार शून्याकडे सरकतो. वारांच्या यादीतला उणे पहिला घटक मागितला की प्रोग्रॅम कोसळतो किंवा कचरा छापतो. १९७० नंतरच्या तारखांनी तपासणी केली तर हे कधीच सापडत नाही, आणि निवृत्तांच्या जन्मतारखा भरायला घेतल्या की पहिल्याच दिवशी सापडतं. उपाय एका ओळीचा: बाकी काढा, तिच्यात ७ मिळवा, पुन्हा सातची बाकी काढा. ऋण टाइमस्टँपमधून तास-मिनिटं काढतानाही ८६,४०० वापरून हेच करायचं.

दिवस-क्रमांक काढणारं फंक्शन बहुतेक भाषांत तयार मिळतं आणि रोजच्या कामात तेच वापरावं. सूत्र हाताशी असावं ते दोन प्रोग्रॅमांची उत्तरं जुळत नाहीत तेव्हासाठी.

साडेपाच तास कायमचे नव्हते

भारतात उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळं पुढेमागे होत नाहीत, म्हणून १९,८०० मिळवले की झालं, असं आपण धरतो. आजच्या क्षणांसाठी ते खरं आहे. पण दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात घड्याळं एक तास पुढे, यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होती. टाइम झोनच्या सर्वमान्य डेटाबेसात 'एशिया/कोलकाता' या नावाखाली हा इतिहास नोंदलेला आहे आणि बहुतेक लायब्रऱ्या, म्हणजे प्रोग्रॅमांत वापरायचे तयार कोड, तो पाळतात.

निवृत्तिवेतनाच्या नोंदींमध्ये हे असं दिसतं. जन्मतारीख १० मार्च १९४४. कोणीतरी ती क्षण म्हणून साठवली. लायब्ररीने त्या दिवशीची मध्यरात्र यूटीसीत बदलताना साडेसहा तास वजा केले: ९ मार्च, १७:३०. वाचणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमने सरळ साडेपाच मिळवले: ९ मार्च, रात्री ११. तारीख म्हणून छापलं, ९ मार्च. बाकी सगळ्यांच्या तारखा बरोबर, फक्त ऐंशी ओलांडलेल्या काही जणांच्या एक दिवसाने मागे. आधार कार्डाशी त्या जुळत नाहीत आणि म्हाताऱ्या माणसाला खेटे घालावे लागतात. रकाना 'डेट' प्रकारचा असता तर यातलं काहीच घडलं नसतं.

हिंजवडीत परदेशी टीमबरोबर काम करणाऱ्यांना दुसरी बाजू माहीत असते. न्यूयॉर्कची सकाळी ९ ची बैठक हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी ७:३० ला आणि उन्हाळ्यात ६:३० ला येते. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे भारत, अमेरिका आणि युरोप या तिघांचं गणित वेगळंच असतं. म्हणून पुढे होणारी गोष्ट यूटीसीत साठवू नका. 'सकाळी ९, अमेरिका/न्यूयॉर्क' असं घड्याळ आणि झोनचं नाव साठवा आणि क्षण ऐन वेळी काढा. घडून गेलेली गोष्ट मात्र यूटीसीतच ठेवायची.

झोनचं नाव पूर्ण लिहा. 'आयएसटी' या तीन अक्षरांचा अर्थ भारत, आयर्लंड आणि इस्रायल असा तिन्ही ठिकाणी लागतो. फरक ठेवायचा रकाना पूर्ण तासांचा असेल तर साडेपाचचे पाच होतात. तो मिनिटांत ठेवा: ३३०. नेपाळचे ३४५ आहेत, तेही मग बसतात.

रात्री बारा ते पहाटे साडेपाच

सर्व्हरचं घड्याळ यूटीसीत असतं आणि ते योग्यच आहे. पण 'आजची विक्री' काढणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला केलेली विचारणा, सर्व्हरचा 'आज' धरते, आणि तो दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. दूध आणि वर्तमानपत्रांचा धंदा पहाटे चार-साडेचारला सुरू होतो. त्या विक्रीचा मोठा भाग रोज आदल्या दिवसाच्या खात्यात जातो. महिन्याची बेरीज जवळपास जुळते, म्हणून चूक महिनोन्‌महिने कळत नाही. ३१ तारखेच्या आणि १ तारखेच्या हिशेबात फरक आला की मग शोधाशोध सुरू होते. तपासणारा सकाळी अकराला ऑफिसात बसून बघतो, तेव्हा सगळं बरोबर दिसतं. ही चूक दिवसाच्या पहिल्या साडेपाच तासांतच जिवंत असते.

इलाज असा. ज्या दिवसाची विक्री हवी त्याची सुरुवात आणि पुढच्या दिवसाची सुरुवात भारतीय वेळेत काढा, दोन्ही यूटीसीत बदला आणि 'सुरुवातीपासून, पण पुढच्या सुरुवातीच्या आधी' अशी अट लावा. १५ तारखेसाठी ती १४ च्या १८:३० पासून १५ च्या १८:३० च्या आधीपर्यंत येते. '२३:५९:५९ पर्यंत' असं लिहू नका, शेवटच्या सेकंदाच्या पोटातले व्यवहार गळतात.

जावास्क्रिप्टमध्ये याची एक खास जागा आहे. वर्ष, महिना, दिवस असे तीन आकडे देऊन तारीख बनवली तर ती स्थानिक मध्यरात्र होते. ती आयएसओ मजकुरात ('वर्ष-महिना-दिवस' आणि पुढे वेळ, सगळं यूटीसीत) बदलून पहिली दहा अक्षरं घेतली की आदला दिवस मिळतो. १४ ऑगस्टचा उगम बहुधा हाच असतो. 'वर्ष-महिना-दिवस' असा नुसता मजकूर दिला तर मात्र तोच प्रोग्रॅम ती यूटीसीची मध्यरात्र मानतो. शिवाय आकडे देताना महिने शून्यापासून मोजतात, ऑगस्ट म्हणजे ७. पोस्टग्रेस या डेटाबेसबद्दलचा एक गैरसमजही काढून टाका: त्याच्या 'टाइम झोनसह टाइमस्टँप' रकान्यात झोन साठवला जात नाही. तो क्षण यूटीसीत ठेवतो आणि दाखवताना जोडणीच्या झोनमध्ये बदलतो. मूळ झोन लागणार असेल तर वेगळा रकाना करा.

महिना मिळवणं

दिवस मिळवणं सरळ आहे, महिना मिळवणं हा करार आहे. ३१ जानेवारी २०२५ मध्ये एक महिना मिळवला तर जावा २८ फेब्रुवारी देतं आणि पीएचपी ३ मार्च. दोन्ही आपापल्या नियमाने बरोबर आहेत, तुमच्या कर्जाच्या कागदावर काय लिहिलंय ते तुम्ही बघायचं. हप्त्यांची साखळी करताना मागच्या हप्त्याच्या तारखेत महिना मिळवत गेलात तर ३१ जानेवारी, २८ फेब्रुवारी, २८ मार्च, आणि मग कायम २८. प्रत्येक हप्ता मूळ तारखेपासून काढा: मूळ अधिक एक महिना, मूळ अधिक दोन, मूळ अधिक तीन. मग मार्चचा ३१ परत येतो.

वय काढताना दिवसांना ३६५ ने भागू नका. अठरा वर्षांत चार-पाच लीप दिवस येतात आणि माणूस तितके दिवस आधीच सज्ञान ठरतो. वर्षांची वजाबाकी करा, यंदाचा वाढदिवस अजून यायचा असेल तर एक कमी करा. २९ फेब्रुवारीला जन्मलेल्यांचा वाढदिवस साध्या वर्षी २८ ला धरायचा की १ मार्चला, हे प्रोग्रॅमरने परस्पर ठरवू नये. नियम विचारून घ्या आणि लिहून ठेवा.

जावाच्या तारीख-साच्यात वर्षासाठी लहान लिपीतला वाय वापरा. मोठा वाय आठवड्यांचं वर्ष, म्हणजे तो आठवडा ज्या वर्षात मोजला जातो ते वर्ष, छापतो, त्यामुळे ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख ३१ डिसेंबर २०२५ होऊन बाहेर पडते. वर्षाचे बाकीचे बहुतेक दिवस दोन्ही वाय सारखंच उत्तर देतात.

एक्सेल

एक्सेलमध्ये तारीख ही दिवसांची संख्या आणि वेळ हा तिचा अपूर्णांक. १ जानेवारी १९०० म्हणजे १, दुपारचे बारा म्हणजे ०.५. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यासाठी एक्सेलने २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न आलेला दिवस ६० क्रमांकावर ठेवला आहे, त्यामुळे १ मार्च १९०० च्या आधीचे वार तिथे चुकतात. १ जानेवारी १९७० चा क्रमांक २५,५६९. म्हणून ए२ मध्ये सेकंदांचा टाइमस्टँप असेल तर भारतीय वेळेसाठी सूत्र: ए२/८६४००+२५५६९+५.५/२४. मग सेलला तारखेचा फॉरमॅट द्या. मघाची संख्या घातली तर ४५२४५.१५५ येते, म्हणजे १५ नोव्हेंबर २०२३ ची पहाट.

यापेक्षा जास्त नुकसान करते ती साधी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली मजकुराची फाईल. बँकेच्या उताऱ्यात ०३/०४/२०२५ म्हणजे ३ एप्रिल. संगणकाची प्रादेशिक सेटिंग अमेरिकेची असेल तर एक्सेल ती ४ मार्च करतो. १३/०४/२०२५ ला तेरावा महिना सापडत नाही, म्हणून तो ती मजकूर म्हणूनच सोडतो. रकाना नीट बघा: काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या, काही डावीकडे. डावीकडच्या मजकूर आहेत आणि दुरुस्त करता येतात. उजवीकडच्या गपचूप बदलल्या आहेत आणि त्याच धोक्याच्या. ती फाईल बंद करा, सेव्ह करू नका. कोऱ्या शीटमध्ये 'डेटा' मेनूतून सीएसव्ही आयात करा, तारखांचा रकाना 'टेक्स्ट' म्हणून घ्या, मग 'टेक्स्ट टू कॉलम्स'च्या तिसऱ्या पायरीवर 'डेट' निवडून त्यापुढे 'डीएमवाय' लावा. जुन्या मॅकवरची फाईल १९०४ पासून मोजणारी असू शकते. तारखा १,४६२ दिवसांनी, म्हणजे चार वर्षं आणि एक दिवसाने सरकलेल्या दिसल्या तर कारण तेच.

घड्याळच चुकलं तर

मदरबोर्डवरचं घड्याळ सेकंदाला ३२,७६८ कंपनं करणाऱ्या क्रिस्टलवर चालतं. हा आकडा दोनाचा पंधरावा घात आहे, पंधरा वेळा अर्धा केला की बरोबर एक कंपन उरतं. दहा लाखांत वीस इतका दोष असला तर दिवसाला पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो. मशीन बंद असताना ते सीआर२०३२ या नाण्याएवढ्या सेलवर चालतं. रोज सकाळी पीसी जुनी तारीख दाखवतो आणि प्रत्येक वेबसाइट 'प्रमाणपत्र वैध नाही' म्हणते, तेव्हा इंटरनेटवाल्याला फोन करायच्या आधी हा सेल मल्टिमीटरवर बघा. तीन व्होल्टच्या आसपास हवा, अडीचच्या खाली गेला असेल तर बदला. पुण्यात तापकीर गल्लीत सहज मिळतो.

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स असतील आणि घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी चुकत असेल, तर सेल ठीक आहे. विंडोज मदरबोर्डवरची वेळ स्थानिक मानतं, लिनक्स यूटीसी मानतं. दोघांपैकी एकाला दुसऱ्याची रीत पाळायला सांगा.

वेळ जुळवायला एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सेवा, चालू ठेवा. भारतीय प्रमाण वेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा अणुघड्याळांवर सांभाळते, आणि केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, सर्ट-इनच्या, एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपली घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा या प्रयोगशाळेच्या सर्व्हरशी जुळवायची आहेत. एनटीपी घड्याळ मागेही सरकवू शकतं. म्हणून एखाद्या कामाला किती वेळ लागला हे मोजताना दोन घड्याळ-वेळांची वजाबाकी करू नका, ती ऋणही येऊ शकते. त्यासाठी बहुतेक भाषांत कधीच मागे न जाणारं 'मोनोटोनिक' घड्याळ असतं, ते वापरा.

पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला १९७२ पासून यूटीसीत २७ लीप सेकंद, म्हणजे जादा सेकंद, घातले गेले. शेवटचा आपल्याकडे १ जानेवारी २०१७ ला पहाटे ५:२९:६० असा आला. युनिक्सची मोजणी त्यांना धरत नाही, दिवस ८६,४०० चाच मानते, म्हणूनच वरचे सगळे भागाकार चालतात. २०३५ पर्यंत ही पद्धत बाजूला ठेवायचं २०२२ मध्येच ठरलं आहे.

तिथी

सुट्ट्यांच्या यादीत गणेश चतुर्थी सूत्राने काढायचा मोह टाळा. २०२४ मध्ये ती ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. अंतर आधी ३५४ दिवस आणि मग ३८३, कारण मधे अधिक महिना येतो. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्यातलं १२ अंशांचं अंतर. ती दिवसाच्या कुठल्याही वेळी बदलते, एखादीचा क्षय होतो, एखादीची वृद्धी. दरवर्षी पंचांगातून तारखा घेऊन टेबलात भरा. भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका मात्र सौर आहे, तिचा १ चैत्र २२ मार्चला आणि लीप वर्षी २१ मार्चला येतो. ती सूत्राने बिनधोक काढता येते.

तपासणी

टेस्टमध्ये या तारखा असल्याच पाहिजेत: २९ फेब्रुवारी २०२४, २८ फेब्रुवारी २१०० आणि तिचा पुढचा दिवस, ३१ डिसेंबर २०२४, १० मार्च १९४४, १२ जुलै १९६१, आणि २० जानेवारी २०३८. प्रोग्रॅमला 'आता'ची वेळ बाहेरून देता येईल असा कोड लिहा, मग रात्री १२:०१, पहाटे ५:२९ आणि ५:३१ या तिन्ही वेळा दिवसाढवळ्या तपासता येतात. शेवटी सर्व्हरचा झोन होनोलुलू करा, यूटीसीच्या दहा तास मागे, आणि हाच संच पुन्हा चालवा. जन्मतारखेचा जो रकाना त्या फेरीत एक दिवस मागे जाईल, त्यात तारीख क्षण म्हणून साठवलेली आहे. तो आजच 'डेट' करा.